मक्याची भाकरी, चुन्याची निवळी आणि पेलाग्राची गोष्ट

एखादा पदार्थ आवडला की आपण लगेच कृती विचारतो. समोरची व्यक्ती साहित्य सांगते, प्रमाण सांगते, किती शिट्ट्या करायच्या तेही सांगते. पण बऱ्याचदा एखादी पायरी सांगायची राहून जाते, कारण सांगणाऱ्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ती पायरी आहे हेच लक्षात येत नाही. बहुतेक वेळा त्यामुळे फार तर चव बिघडते. पण जगाच्या इतिहासात एकदा अशी एक पायरी मागे राहिली आणि लाखो लोक आजारी पडले. त्या आजाराचं नाव पेलाग्रा. तो सर्वांत जास्त गाजला अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे ज्या भागातल्या घरगुती जेवणाचं आज जगभर कौतुक होतं तिथेच.

या लेखात आपण ती गोष्ट समजून घेऊ. ती अमेरिकेची असली, तरी तिचा एक धागा आपल्या दख्खनच्या पठारापर्यंत येतो.

दक्षिणेचं स्वयंपाकघर

मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना, टेनेसी वगैरे राज्यांना अमेरिकेत 'साउथ' म्हणतात. इथलं घरगुती जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड, मक्याच्या कण्या शिजवून केलेले ग्रिट्स (आपल्या सांज्याच्या जवळ जाणारा प्रकार), कॉलर्ड नावाची जाड पालेभाजी, चवळी-भात, भेंडी घातलेला गंबो, तळलेलं चिकन आणि रताळ्याचा पाय. लोक याला 'कम्फर्ट फूड' म्हणतात. आपल्याकडे आजारातून उठल्यावर मऊ भात-मेतकूट खाल्लं की कसं बरं वाटतं, तसाच त्याचा अर्थ.

या ताटात आपल्या ओळखीचे पदार्थ किती आहेत पाहा. भेंडी, चवळी आणि तीळ हे तिन्ही तिथे पोहोचले ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर. 'गंबो' हा शब्दच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आला. तिथली जुनी माणसं कॉर्नब्रेड कुस्करून ताकात घालून खातात. ते वाचून आपल्याला ताक-भाकरीचा काला आठवल्याशिवाय राहत नाही. पालेभाजी शिजवल्यावर भांड्यात उरलेलं पाणी तिथे फेकत नाहीत. त्याला 'पॉट लिकर' म्हणतात आणि त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या पाण्यात उतरतात, त्यामुळे ही सवय आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती.

हे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी चाललं. मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियातल्या बाईंचं पाककृतींचं पुस्तक १८२४ साली छापलं गेलं, पण चुलीपाशी उभं राहून रांधणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना गुलामीच्या काळात लिहायला-वाचायला शिकूच दिलं गेलं नव्हतं. ॲबी फिशर ही अशीच गुलामीतून बाहेर पडलेली स्वयंपाकीण. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने आपल्या कृती तोंडी सांगितल्या, दुसऱ्यांनी त्या लिहून घेतल्या आणि १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं पुस्तक निघालं. अशा पुस्तकांमागे न छापलेल्या, शेजारणीने शेजारणीला सांगितलेल्या हजारो कृती होत्या.

मका गेला, पण निवळी मागे राहिली

मका मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिथले लोक हजारो वर्षांपासून मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्या पिठाच्या भाकऱ्या, म्हणजे टॉर्टिया, करतात. ही कृती साल सुटावं आणि पीठ मळता यावं म्हणून उपयोगी पडते. पण तिचा आणखी एक फायदा होता, जो त्या काळी कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मक्यात नायसिन, म्हणजे जीवनसत्त्व ब३, असतं. पण ते दाण्यातल्या इतर घटकांशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात शिजवलं की ती गाठ सुटते. म्हणजे तोच मका, तेवढाच मका, पण एका पायरीने शरीराला जीवनसत्त्व मिळतं किंवा मिळत नाही.

कोलंबसनंतर मका युरोपात गेला. बियाणं गेलं, लागवडीची पद्धत गेली, पण चुन्याची पायरी गेली नाही. युरोपात पिठाच्या चक्क्या होत्याच. दाणे सरळ दळले की झालं. ज्या भागात गरिबांचं जेवण म्हणजे फक्त मका असं झालं, तिथे एक नवा आजार दिसू लागला. स्पेनमध्ये गास्पार कसाल या वैद्याने १७३५ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. गळ्याभोवती हारासारखा उठणारा काळसर, खरखरीत पट्टा आजही 'कसालचा हार' या नावाने वैद्यकाच्या पुस्तकात आहे. इटलीत १७७१ साली फ्रापोली याने लोकांच्या बोलीतलं 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव वैद्यकात आणलं.

अमेरिकेच्या दक्षिणेतही मूळ रहिवाशांकडून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय घरांनी राखेच्या पाण्यात मका शिजवायची कृती घेतली होती. त्याला 'हॉमिनी' म्हणत. रोजचा कॉर्नब्रेड मात्र साध्या दळलेल्या पिठाचाच असे. तरीही जोवर ताटात दूध, ताक, अंडी, शिकार, मासे, चवळी आणि परसातली भाजी होती, तोवर हा आजार क्वचितच दिसला.

ताटातले पदार्थ कमी होत गेले

मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट कापसाची. यादवी युद्धानंतर दक्षिणेत वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली. कापूस हेच रोख पीक, म्हणून कापूस दारापर्यंत पेरला जाई. भाजीचा वाफा नाही, गाईला चारा नाही. पीक हाती येईपर्यंत मालकाच्या किंवा सावकाराच्या दुकानातून उधारीवर माल आणायचा. कापड गिरण्यांच्या वस्त्यांमध्येही हीच स्थिती. उधारीत स्वस्त मिळायचं ते तीनच पदार्थ: मक्याचं पीठ, डुकराच्या पाठीची खारवलेली चरबी आणि मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखा दाट पाक. पोट भरायचं, उष्मांक मिळायचे, पण चांगली प्रथिनं आणि नायसिन जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट गिरणीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्याचा अंकुर काढून टाकणारी यंत्रं आली. अंकुरात तेल असतं, त्यामुळे पीठ लवकर खवट होतं. अंकुर काढलं की पीठ महिनोन्महिने टिकतं आणि रेल्वेने दूर पाठवता येतं. गावच्या ओढ्यावरच्या जात्याच्या चक्कीऐवजी दुकानातलं पांढरं, टिकाऊ पीठ घराघरात गेलं. अंकुराबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही गेली.

स्वयंपाकीण तीच होती आणि कृतीही आजीचीच. भांड्यात पडणारं पीठ मात्र बदललं होतं, आणि सोबतचं ताक-भाजीही गेली होती.

चार 'डी'चा आजार

१९०६ साली अलाबामातल्या एका मनोरुग्णालयात अचानक साथ आली. जॉर्ज सर्सी या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी तिची नोंद प्रसिद्ध केली: ८८ रुग्ण, त्यांपैकी ५७ मृत्यू. पाहता पाहता सगळ्या दक्षिणेत रुग्ण सापडू लागले. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख लोक दगावले, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा आजार इंग्रजी 'डी' अक्षराने सुरू होणाऱ्या चार शब्दांत शिकवतात. डर्मटायटिस: उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर, म्हणजे हात, पाय, मान, चेहरा यांवर, दोन्ही बाजूंना सारखी उमटणारी लाल-काळी, जाड, सोलवटणारी त्वचा. डायरिया: जुलाब, त्याबरोबर लाल, आगीसारखी झोंबणारी जीभ. डिमेन्शिया: आधी चिडचिड, झोप न येणं, उदासी, पुढे गोंधळ आणि भ्रम. आणि उपचार न झाल्यास डेथ. कित्येक रुग्ण वेडे ठरवून मनोरुग्णालयात पाठवले गेले, आणि तिथलं जेवणही तेच मक्याचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा आजार प्रौढ पुरुषांपेक्षा प्रौढ स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त होता. त्याचं एक कारण असं दिलं जातं की घरात दूध किंवा मांस आलंच, तर ते आधी कमावत्या पुरुषाला आणि लहान मुलांना वाढलं जाई. रांधणारी बाई शेवटी जेवे, आणि तिच्या वाट्याला उरे तो कॉर्नब्रेड आणि पाक. हे वाचून तुम्हाला परकं वाटतं का, ते तुम्हीच ठरवा.

डॉ. गोल्डबर्गर आणि जेवणाची ताटं

त्या काळी जंतूंचे शोध ताजे होते, म्हणून बहुतेकांना वाटे की हा संसर्गच असणार. १९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवलं. त्यांनी अनाथाश्रम आणि मनोरुग्णालयं पाहिली आणि एक साधी गोष्ट टिपली: रुग्णांमध्ये दिवसरात्र वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना हा आजार होत नाही. संसर्ग असता तर तो माणसाचा हुद्दा पाहून थांबला नसता. फरक होता तो ताटात. अनाथाश्रमातल्या अगदी लहान मुलांना दूध मिळे, कामाला जाणाऱ्या मोठ्या मुलांना थोडं मांस मिळे. मधल्या वयाची मुलं आजारी पडत.

त्यांनी मिसिसिपीतल्या दोन अनाथाश्रमांच्या जेवणात दूध, अंडी, ताजं मांस आणि कडधान्यं वाढवली. पुढच्या वर्षी तिथला पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला.

टीकाकारांचं समाधान झालं नाही. मग १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मुख्यतः मक्याचं आणि पिठूळ जेवण दिलं गेलं. ११ जणांनी प्रयोग पूर्ण केला. ६ जणांना काही महिन्यांत पेलाग्राची लक्षणं दिसली. आजच्या नैतिक नियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि तेव्हाही त्यावर वाद झाला. पुढच्या वर्षी गोल्डबर्गर यांनी स्वतःवर, सहकाऱ्यांवर आणि पत्नी मेरी यांच्यावर उलट प्रयोग केला: रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, स्वयंसेवकांनी रुग्णांच्या त्वचेचे पापुद्रे आणि विष्ठासुद्धा गोळ्यांतून गिळली. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

यानंतर त्यांनी आणि अर्थतज्ज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या सात गिरणी-वस्त्यांत घरोघरी जाऊन कोण काय खातं आणि किती कमावतं हे नोंदवलं. निष्कर्ष सरळ होता. उत्पन्न जितकं कमी तितका पेलाग्रा जास्त, आणि ज्यांना दूध व ताजं मांस मिळतं त्यांना तो कमी. म्हणजे खरं औषध जेवणात होतं, आणि ते जेवण विकत घेण्याची ऐपत लोकांकडे नव्हती.

१९२१ साली कापसाचे भाव कोसळल्यावर पेलाग्रा वाढेल असा इशारा दिला गेला. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा दक्षिणेतले अनेक पुढारी उलट संतापले. आमच्याकडे उपासमार आहे असं म्हणणं हा आमचा अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. ज्या प्रदेशाला आपल्या पाहुणचाराचा आणि भरल्या ताटाचा अभिमान, त्याला हे मान्य करणं जड गेलं. पण त्या अभिमानाची किंमत आजारी माणसांनी मोजली.

पुन्हा कृतींची देवाणघेवाण

मदत आली ती अनेक वाटांनी. १९१० साली दक्षिण कॅरोलिनात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटो पिकवण्याचा आणि डबाबंद करण्याचा गट सुरू केला. असे गट दक्षिणेत पसरले. १९१४ च्या कायद्यानंतर सरकारी गृहशिक्षिका गावोगावी फिरू लागल्या. परसबाग, कोंबड्या, भाज्या टिकवणं, नव्या कृती हे सगळं बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरात जमून शिकत. गोल्डबर्गर यांना पुढे आढळलं की मद्य गाळताना वापरतात ते यीस्ट हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरात रेड क्रॉसने ते वाटलं आणि त्याचा गुण दिसला.

गोल्डबर्गर १९२९ साली कर्करोगाने वारले. नेमका घटक सापडला १९३७ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉनराड एल्व्हेहेम यांच्या प्रयोगशाळेत: निकोटिनिक ॲसिड. नावामुळे लोकांना तंबाखू आठवू नये म्हणून पुढे 'नायसिन' हे नाव रूढ झालं. १९४० च्या दशकात पिठात आणि ब्रेडमध्ये नायसिन मिसळायला सुरुवात झाली, लोकांच्या हाती पैसाही आला, आणि पेलाग्रा दक्षिणेतून जवळजवळ गेला.

शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासूनही नायसिन तयार करतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम. दुधात नायसिन फारसं नसूनही दूध पिणारी मुलं का वाचली, याचं उत्तर इथे आहे. दुधात ट्रिप्टोफॅन चांगलं असतं. मक्यात ते फार कमी असतं.

आपला काय संबंध?

दख्खनच्या पठारावर, विशेषतः हैदराबादच्या आसपास, जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांमध्येही पेलाग्रा आढळत असे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली यावर महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचं जास्त प्रमाण याला कारणीभूत असावं, अशी त्यांची मांडणी होती. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली आणि ती पूर्ण मिटलेली नाही.

हे वाचून ज्वारीची भाकरी सोडू नका. ज्वारी चांगलं धान्य आहे. त्रास झाला तो फक्त भाकरीच खावी लागली म्हणून. आपली पारंपरिक जोडी पाहा: भाकरीबरोबर पिठलं किंवा झुणका, म्हणजे हरभऱ्याची प्रथिनं, शेंगदाण्याची चटणी, आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, शिवाय ताक आणि पालेभाजी. या जोडीत कमतरता राहत नाही. मक्याची भाकरी खात असाल तर हाच नियम लावा. घरी स्वतःहून पिठात चुना मिसळायच्या भानगडीत पडू नका. प्रमाण चुकलं तर इजा होते.

आज पेलाग्रा कमी दिसतो, पण संपलेला नाही. रोज दारू पिऊन जेवण टाळणारे लोक, दीर्घकाळ जुलाब असणारे रुग्ण, आणि क्षयरोगासाठी आयसोनियाझिड हे औषध घेणारे कुपोषित रुग्ण यांच्यात तो होऊ शकतो. उन्हाच्या भागांवर दोन्ही बाजूंना सारखे काळे, खरखरीत चट्टे, त्यासोबत जुलाब, जीभ लाल होणं, झोप उडणं किंवा गोंधळलेपण असेल तर डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगाच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. योग्य उपचाराने रुग्ण लवकर सुधारतो. नायसिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. त्यांनी अंगाची आग होते आणि यकृताला इजा होऊ शकते.

आता प्रश्न उलटा आहे

त्याच दक्षिणेत आज कमतरतेपेक्षा अतिरेकाची काळजी आहे. 'रिगार्ड्स' नावाच्या मोठ्या अभ्यासात ४५ वर्षांवरील ३० हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. तळलेले पदार्थ, प्रक्रिया केलेलं मांस, जास्तीची चरबी आणि साखर घातलेली पेयं हा आहार सर्वांत जास्त घेणाऱ्या गटात, सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचा धोका ५६ टक्क्यांनी जास्त आढळला.

याचा अर्थ ते घरगुती जेवण वाईट असा नाही. एडना लुईस यांनी १९७६ साली आपल्या व्हर्जिनियातल्या खेड्याच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेलं ते खेडं. त्यांच्या पुस्तकात ऋतूप्रमाणे भाज्या, फळं, रानमेवा, मासे आहेत. तळलेलं चिकन आहे, पण ते त्याच्या हंगामात. सणाचे पदार्थ रोजचे झाले की काय होतं, हे आपल्याकडच्या वडा-भजी आणि गोडाबाबतही तेवढंच खरं आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणाकडून कृती घ्याल तेव्हा साहित्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्या. हा पदार्थ कशाबरोबर खायचा? किती दिवसांनी करायचा? आणि जुनी माणसं करताना जी एखादी पायरी करत, भिजवणं, आंबवणं, मोड आणणं, ती कोणती? घाई असली तरी ती पायरी गाळण्याआधी थोडा विचार करा.

आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती शेवटी जेवत असेल, तर तिच्या ताटात वरण, ताक, अंडं किंवा उसळ उरली आहे का, ते आज रात्रीच पाहा.